हॉब्जच्या आईची धास्ती

इंग्लंडच्या विल्टशर परगण्यात माम्सबरी नावाचं टेकडीवरचं जुनं गाव आहे. एव्हन नदीच्या दोन प्रवाहांनी त्याला जवळजवळ वेढाच घातलाय. १५८८ साली ५ एप्रिलला, गुड फ्रायडेच्या पहाटे, या गावाला लागून असलेल्या वेस्टपोर्टमध्ये एका गरीब पाद्र्याच्या बायकोला मुलगा झाला. घरातलं हे दुसरं मूल. तिचे दिवस पुरते भरले नव्हते, असं पुढे सांगितलं गेलं. निमित्त झालं एका बातमीचं. स्पेनचं प्रचंड आरमार इंग्लंडवर चालून येतंय हे ऐकून तिनं धसका घेतला आणि तिला कळा सुरू झाल्या.

मुलाला वडिलांचंच नाव ठेवलं, थॉमस. राज्यशास्त्राच्या परीक्षेत सामाजिक कराराच्या सिद्धांतावर हमखास प्रश्न येतो, तो ज्याच्यामुळे, तोच हा थॉमस हॉब्ज. वयाच्या ८४व्या वर्षी त्यानं लॅटिन पद्यात आपलं छोटंसं आत्मचरित्र लिहिलं. जन्माची ही हकिगत त्यात आहे आणि हॉब्जनं स्वतःपुरतं केलेलं निदानही. आपल्यासोबत भीतीही त्याच कुशीतून जन्माला आली, अशी त्याची समजूत होती. आपला भित्रा स्वभाव, शत्रूंचा तिटकारा, शांततेची ओढ या सगळ्याचं मूळ तो तिथे शोधत असे.

म्हातारपणी केलेली ही टिप्पणी आज वाचली की एका वैद्यकीय प्रश्नाची जुनी मांडणी वाचल्यासारखं वाटतं. गर्भवतीच्या मनावरचा ताण पोटातल्या बाळाच्या मेंदूवर आणि पुढे त्याच्या वागण्यावर उतरतो का? गेली तीस-चाळीस वर्षं यावर कसून संशोधन चालू आहे. एका माणसाच्या आयुष्यावरून कुठलाही सिद्धांत सिद्ध होत नाही, हे खरं. पण हॉब्ज ९१ वर्षं जगला, त्याच्या आयुष्याची बारीकसारीक माहिती उपलब्ध आहे आणि स्वतःच्या भीतीचा विचार त्याच्याइतका फार थोड्या जणांनी केला असेल.

आधी त्या बातमीबद्दल. स्पेनचं आरमार लिस्बनच्या बंदरातून निघालं ते हॉब्जच्या जन्मानंतर साधारण सहा आठवड्यांनी. सुमारे १३० जहाजांचा तो तांडा इंग्लंडच्या किनाऱ्यावरून दिसला तो जुलैमध्ये. म्हणजे एप्रिलमध्ये ती बाई ज्याला घाबरली ते आरमार तेव्हा बंदरातच उभं होतं. पण हल्ल्याच्या वावड्या कित्येक महिने उठत होत्या. शिवाय १५८८ हे वर्ष जगावर मोठं अरिष्ट आणणार, असं भाकीत युरोपभर पसरलेलं होतं. पोटुशी बाई, नवरा जेमतेम मिळवता आणि गावात रोज नवी अफवा. शरीराच्या दृष्टीनं खरा शत्रू आणि अफवेतला शत्रू यांत फरक नसतो. भीती खरी असली की पुरते.

त्या भीतीनं प्रसूती लवकर होऊ शकते का? याचं उत्तर बऱ्याच अंशी हो असं आहे. घाबरलं की मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधून सीआरएच नावाचं संप्रेरक सुटतं, ते पिट्युटरी ग्रंथीला हलवतं आणि सरतेशेवटी मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल सोडतात. एरवी कॉर्टिसॉल पुरेसं वाढलं की मेंदू सीआरएच आवरतं घेतो, घरातल्या गिझरचा थर्मोस्टॅट पाणी तापल्यावर वीज तोडतो तसा. गरोदरपणात मात्र एक वेगळी गोष्ट घडते. वारसुद्धा, म्हणजे प्लॅसेंटाही, सीआरएच तयार करते आणि तिथे कॉर्टिसॉल लगाम घालण्याऐवजी उलट टाच मारतं. वारेतलं सीआरएच महिन्यागणिक वाढत जातं आणि प्रसूती कधी होणार याच्याशी त्याचा संबंध असतो. ज्यांच्यात ते लवकर आणि जास्त वाढतं त्या स्त्रियांची प्रसूती मुदतीआधी होण्याकडे कल दिसतो.

यातली अडचण अशी की, मूल लवकर जन्मलं की प्रत्येक घर कारण शोधतं आणि शोधलं की कारण सापडतंच. सासूशी झालेलं भांडण आठवतं, जिन्यावरून घसरलेला पाय आठवतो, नाहीतर एखादी वाईट बातमी. हॉब्जच्या घरालाही आरमार सापडलं असेल. म्हणून संशोधकांनी अशा घटना निवडल्या ज्यांची तारीख कुणाच्याही आठवणीवर अवलंबून नाही. जानेवारी १९९४मध्ये कॅलिफोर्नियात नॉर्थरिजचा भूकंप झाला. त्या वेळी गरोदर असलेल्या स्त्रियांच्या एका लहानशा अभ्यासात दिसलं की पहिल्या तिमाहीत धक्का बसला त्यांची प्रसूती तुलनेनं लवकर झाली. शेवटच्या तिमाहीत असलेल्यांना तोच भूकंप तितका भयंकर वाटलाच नाही. चिलीतल्या २००५च्या भूकंपानंतरही सुरुवातीच्या महिन्यांतल्या धक्क्याचा परिणाम अधिक आढळला. दिवस भरत येतात तसं आईचं शरीर ताणाला कमी दाद देऊ लागतं. निसर्गानं केलेली ही सोय म्हणायची.

हॉब्जची आई शेवटच्या टप्प्यात होती. त्यामुळे आरमाराच्या बातमीनं कळा आल्या हे अशक्य नाही, पण ती कदाचित त्याच रात्री तशीही बाळंत झाली असती. शिवाय सोळाव्या शतकात फार अपुऱ्या दिवसांचं मूल जगणं जवळपास दुरापास्तच. हे मूल जगलं, धडधाकट वाढलं. म्हणजे दिवस कमी भरले असलेच तर दोन-चार आठवड्यांनी.

आता दुसरा, जास्त अवघड प्रश्न. भीती मुलाच्या स्वभावात उतरली का? त्याच्या बालपणाची बरीचशी माहिती जॉन ऑब्री या चरित्रकारामुळे टिकली. ऑब्री त्याच परगण्यातला, हॉब्जपेक्षा ३८ वर्षांनी लहान आणि योगायोगानं त्याच शिक्षकाच्या हाताखाली शिकलेला. हॉब्जचा थोरला भाऊ एडमंड याच्याकडूनही त्यानं घरच्या गोष्टी काढून घेतल्या. त्यावरून दिसतं ते मूल असं : केस काळेभोर, म्हणून सवंगडी त्याला कावळा म्हणायचे. खेळात पुरेसा रमणारा, पण अधूनमधून कोपऱ्यात जाऊन एकटाच विचारात बुडणारा. चौथ्या वर्षी शाळेत गेला, आठव्या वर्षी चांगलं वाचत आणि हिशेब करत होता. चौदाव्या वर्षाच्या सुमारास त्यानं युरिपिडीसचं ‘मीडिया’ हे नाटक ग्रीकमधून लॅटिन पद्यात उतरवलं. गर्भात मेंदूची हानी झाल्याचं हे लक्षण नक्कीच नव्हे!

घरची परिस्थिती मात्र बेताचीच होती. वडील पाद्री खरे, पण शिक्षण तुटपुंजं आणि डोकं तापट. शनिवारी रात्रभर पत्ते कुटून रविवारी चर्चमध्ये त्यांना डुलकी लागली आणि झोपेतच त्यांनी किलवरचा हुकूम जाहीर केला, अशी गोष्ट ऑब्रीनं लिहून ठेवली आहे. ही झाली गंमत. पुढे शेजारच्या गावच्या पाद्र्याशी त्यांचं वाजलं, प्रकरण धर्मन्यायालयात गेलं, आणि १६०४च्या सुमारास माम्सबरीच्या चर्चच्या आवारात तो पाद्री समोर येताच त्यांनी त्याच्यावर हात टाकला. अशा गुन्ह्याची शिक्षा कडक होती. वडील गाव सोडून पळाले आणि लंडनच्या पलीकडे कुठेतरी अज्ञातवासातच वारले. हॉब्ज तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचा होता. बायको-मुलं मागे राहिली.

त्यांना आधार मिळाला तो चुलत्याचा. फ्रान्सिस हॉब्ज हे हातमोज्यांचा धंदा करणारे, गावातले खाऊनपिऊन सुखी गृहस्थ. त्यांना मूलबाळ नव्हतं. पुतण्याची हुशारी ओळखून त्यांनी त्याच्या ऑक्सफर्डच्या शिक्षणाचा खर्च उचलला. हे काका नसते तर हा मुलगा माम्सबरीत हातमोजे शिवत बसला असता, जसा त्याचा भाऊ बसला. ऑक्सफर्डला तो पुस्तकबांधणीवाल्यांच्या दुकानात नकाशे बघत रेंगाळायचा आणि पहाटे उठून चिजाच्या तुकड्याचं आमिष लावून कावळ्याच्या जातीचे छोटे पक्षी पकडायचा.

म्हणजे आईच्या पोटात असताना तिला बसलेल्या धसक्याखेरीज या मुलाच्या वाट्याला तापट बाप होता, घरातली चणचण होती, बापाचं परागंदा होणं होतं. आणि त्या बापाकडून आलेली गुणसूत्रंही होतीच. यातलं नेमकं कशामुळे काय झालं, हे वेगळं करायचं कसं? हीच गाठ आजच्या संशोधकांपुढेही आहे.

हॉब्जच्या गावाजवळून वाहणारी एव्हन पुढे ब्रिस्टलला जाते. त्या नदीच्या नावानं जो जिल्हा होता, तिथे १९९१-९२मध्ये गरोदर असलेल्या सुमारे १४ हजार स्त्रियांची नोंद करून त्यांच्या मुलांचा मागोवा घ्यायला सुरुवात झाली. तो अभ्यास अजून चालू आहे. व्हिवेट ग्लोव्हर आणि टॉमस ओकॉनर यांनी त्यातली माहिती तपासली. गरोदरपणाच्या शेवटच्या टप्प्यात ज्या स्त्रिया सर्वाधिक चिंताग्रस्त होत्या, त्यांच्या मुलांमध्ये चौथ्या वर्षी वागणुकीच्या आणि भावनिक तक्रारी साधारण दुप्पट आढळल्या. बाळंतपणानंतरची आईची मनःस्थिती, गरिबी, धूम्रपान वगैरे हिशेबात धरूनही हा फरक उरला. दुप्पट हा शब्द मथळ्यात फार मोठा दिसतो. पण मूळची जोखीम लहान असल्यामुळे दुप्पट झाल्यावरही चिंताग्रस्त मातांची बहुसंख्य मुलं ठीकठाकच होती. मथळ्यात हे दुसरं वाक्य सहसा येत नाही.

हे घडत असेल तर कसं? वारेत एक एन्झाइम असतं. आईच्या रक्तातून येणाऱ्या कॉर्टिसॉलचा मोठा भाग ते निष्क्रिय करून टाकतं, दारावरच्या रखवालदारासारखं. अति चिंताग्रस्त मातांच्या वारेत या एन्झाइमचं काम मंदावलेलं आढळलं आहे. मग बाळापर्यंत कॉर्टिसॉल जास्त पोहोचू शकतं. थोडं कॉर्टिसॉल बाळाला हवंच असतं, फुप्फुसं पिकायला त्याची गरज असते. जास्त झालं तर भीतीचं केंद्र समजला जाणारा मेंदूतला अमिग्डला आणि त्याला आवर घालणारा कपाळामागचा भाग यांच्या घडणीवर परिणाम होऊ शकतो. कॅलिफोर्नियातल्या एका अभ्यासात गरोदरपणाच्या सुरुवातीला आईचं कॉर्टिसॉल जास्त असेल तर सातव्या वर्षाच्या आसपास मुलींचा उजवा अमिग्डला आकारानं मोठा दिसला आणि त्यांच्यात भावनिक तक्रारीही जास्त होत्या. मुलग्यांमध्ये तसं दिसलं नाही. हॉब्जचा दावा इथे थोडा लंगडतो.

गुणसूत्रांचा गुंता सोडवायला कार्डिफमधल्या फ्रान्सिस राइस, अनिता थापर आणि सहकाऱ्यांनी एक नामी युक्ती काढली. टेस्ट ट्यूब पद्धतीनं जन्मलेली मुलं त्यांनी घेतली. त्यांतल्या काहींचं बीज आईचंच होतं, काहींचं दुसऱ्या स्त्रीनं दान केलेलं. दान केलेल्या बीजापासून झालेलं मूल आईच्या पोटात वाढतं, पण तिची गुणसूत्रं त्याच्यात नसतात. २०१०मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे : गरोदरपणातला ताण आणि कमी वजन, लवकर जन्म, तसंच पुढे मुलाचं बेफाम, नियम मोडणारं वागणं यांचा संबंध दोन्ही गटांत दिसला. म्हणजे तो पोटातल्या वातावरणाचाच असावा. अतिचंचलता आणि एकाग्रतेचा अभाव यांचा संबंध फक्त नात्याच्या जोड्यांत दिसला. म्हणजे तो वारशाचा. आणि मुलांमधल्या भित्रेपणाचा, चिंतेचा संबंध? तो गरोदरपणातल्या ताणापेक्षा आईच्या नंतरच्या, चालू मनःस्थितीशी जास्त होता.

हे हॉब्जच्या गोष्टीला लावून पाहिलं तर गंमत होते. आईच्या धास्तीनं तो लवकर जन्मला, हे पटण्यासारखं. तिच्या धास्तीनं तो भित्रा झाला, हे तितकंसं पटण्यासारखं नाही. भित्रा असेल तर तो जन्मानंतरच्या घरानं झाला असण्याचा संभव अधिक.

पण तो खरंच भित्रा होता का?

१६०८मध्ये पदवी घेऊन हॉब्ज कॅव्हेंडिश या सरदार घराण्यात मुलाचा शिक्षक म्हणून लागला. शिष्य त्याच्याच वयाचा, पुढे तो डेव्हनशरचा अर्ल झाला. मधली काही वर्षं सोडली तर हॉब्ज मरेपर्यंत, सुमारे सत्तर वर्षं, या घराण्याच्या सावलीत राहिला. मोठं ग्रंथालय, युरोपचे प्रवास, मोठमोठ्या लोकांच्या ओळखी. चाळिशीत एका घरी उघडं पडलेलं युक्लिडचं पुस्तक त्याच्या नजरेला पडलं. समोर पायथागोरसचा सिद्धांत होता. हे शक्यच नाही असं वाटून तो एकेक पायरी मागे मागे वाचत गेला आणि भूमितीच्या प्रेमात पडला. इटलीत जाऊन त्यानं वृद्ध गॅलिलिओची भेट घेतली. रक्ताभिसरण शोधणारा विल्यम हार्वी त्याचा मित्र. हार्वीनं मृत्युपत्रात त्याच्यासाठी दहा पौंड ठेवले होते. पॅरिसमध्ये विल्यम पेटीबरोबर बसून तो शरीररचनेवरचा व्हेसेलियसचा ग्रंथ वाचत असे.

१६४०च्या अखेरीस राजा आणि संसद यांच्यातला झगडा पेटला. राजसत्तेच्या बाजूनं लिहिलेलं त्याचं एक हस्तलिखित लोकांच्या हाती पडलं होतं. आता आपली धडगत नाही, असं समजून हॉब्ज तडक पॅरिसला पळाला. पळणाऱ्यांत आपण पहिले होतो, हे तो नंतर न लाजता सांगे. तिथे तो अकरा वर्षं राहिला. परागंदा युवराजाला त्यानं गणित शिकवलं, १६४७मध्ये जिवावरच्या दुखण्यातून उठला आणि १६५१मध्ये ‘लेव्हिआथन’ प्रसिद्ध केलं. सत्तेचा धाक नसेल तर प्रत्येक माणूस दुसऱ्या प्रत्येकाला घाबरून जगतो, आणि त्या भीतीपायीच माणसं आपले हक्क एका राज्यकर्त्याच्या हवाली करतात, हा त्यातला गाभा. भीती ही त्याच्या लेखी दुबळेपणा नव्हता, ती माणसाला शहाणपणाकडे ढकलणारी शक्ती होती. हे पुस्तक छापल्यावर पॅरिसमधले राजनिष्ठही बिथरले आणि कॅथलिक धर्मगुरूही. मग घाबरून तो परत इंग्लंडला पळाला.

भित्र्या माणसाची ही लक्षणं म्हणावीत तर त्याच पुस्तकानं त्यानं बिशप, पोप, विद्यापीठं या सगळ्यांना एकाच वेळी अंगावर घेतलं होतं. १६६६मध्ये लंडनच्या आगीनंतर, आधीच्या प्लेगचं भय ताजं असताना, संसदेत नास्तिकतेविरुद्ध कायद्याची चर्चा निघाली आणि त्यात ‘लेव्हिआथन’चं नाव आलं. ७८ वर्षांच्या हॉब्जनं आपले काही कागद जाळून टाकले. त्याला जाळावं असं काही बिशपांच्या मनात आहे, अशी बोलवा होती. त्या काळात हे कागद जाळणं म्हणजे मनोविकार म्हणायचा की अक्कल? हॉब्जला भुताखेतांची भीती वाटते, तो रात्री एकटा झोपत नाही, अशी चेष्टा त्याचे विरोधक करत. ऑब्रीनं ती खोडून काढली. हॉब्जला भीती होती ती पाच-दहा पौंडांसाठी डोक्यात सोटा घालणाऱ्या माणसाची. यादवी युद्धाच्या देशात ही भीती पोटातून आणावी लागत नाही.

डॉक्टरच्या नजरेला त्याच्या आयुष्यात दुसरंच काही दिसतं. साठीच्या आसपास त्याचे हात कापायला लागले आणि कंप वाढत गेला. शेवटी त्याचं अक्षर कुणाला लागेना, मग लेखनिक ठेवावा लागला. हा कंपवात की वयोमानाचा साधा कंप, हे इतक्या लांबून सांगता येत नाही. पण विचाराला कंप नव्हता. तो भरभर चालत असे, हातातल्या काठीच्या मुठीत दौत बसवलेली होती, सुचलं की तिथल्या तिथे टिपून घ्यायचा. टेकडी चढउतर करून घाम काढायचा आणि मग नोकराला चार पैसे देऊन अंग रगडून घ्यायचा. पंच्याहत्तरीपर्यंत वर्षातून दोन-तीनदा टेनिस खेळला. रात्री दारं लावून, कुणी ऐकत नाही याची खात्री करून, अंथरुणात मोठमोठ्यानं गायचा. आवाज बेताचाच होता, पण त्यानं फुप्फुसं मजबूत राहतात अशी त्याची श्रद्धा होती. आणि पंच्याऐंशी उलटल्यावर होमरची दोन्ही महाकाव्यं इंग्रजीत आणली.

आईच्या पोटातला ताण जर नशिबावर शिक्काच मारत असता तर हे असं व्हायला नको होतं. ग्लोव्हर आणि ओकॉनर यांच्याच गटाचं आणखी एक काम इथे सांगायला हवं. गर्भजलातलं कॉर्टिसॉल मोजून त्यांनी पुढे त्या मुलांची आकलनक्षमता तपासली. ज्या मुलांचं आईशी नातं डळमळीत होतं त्यांच्यात जास्त कॉर्टिसॉल आणि कमी आकलन यांचा संबंध दिसला. ज्यांना आईजवळ सुरक्षित वाटत होतं त्यांच्यात तो संबंध पुसला गेला होता. बाळाला घट्ट धरणारं कुणीतरी असलं की गर्भातला हिशेब बदलतो. हॉब्जला लहानपणी आईनं तसं धरलं असेल का, याची नोंद कुठेच नाही. बाप गेल्यावर काकांनी धरलं आणि पुढे एका अख्ख्या घराण्यानं धरलं, एवढं दिसतं.

आईबद्दल आपल्याला माहीत आहे ते असं : ऑब्रीच्या म्हणण्याप्रमाणे तिचं माहेर मिडल्टन नावाच्या शेतकरी घराण्यातलं. बास. तिला तीन मुलं, दोन मुलगे आणि एक मुलगी. नवरा मारामारी करून पळाल्यावर तिनं काय केलं, कशी राहिली, हे कुणी लिहिलं नाही. चारशे वर्षं ती ओळखली जाते ती एका गोष्टीसाठी : ती घाबरली आणि तिच्या मुलाच्या स्वभावाला कारण झाली. एडमंडच्या वेळी ती घाबरली होती का, मुलीच्या वेळी काय, हेही कुणी विचारलं नाही. पळून गेलेला बाप या कारणांच्या यादीत कधी आलाच नाही.

आपल्याकडे अभिमन्यूची गोष्ट सांगितली जाते आणि तिच्या जोडीला आजकाल गर्भसंस्काराची पुस्तकं, शिबिरं आणि ध्वनिफिती विकल्या जातात. आनंदी राहा, वाईट ऐकू नका, रडू नका, नाहीतर बाळ तसंच होईल. हेतू चांगला असेलही. पण मार खाणाऱ्या, कर्जात बुडालेल्या, पाण्यासाठी दोन कोस चालणाऱ्या गर्भवतीला घाबरू नकोस म्हणून सांगणं म्हणजे तिच्या भीतीत आणखी एका भीतीची भर घालणं आहे. जानेवारी १९९८मध्ये कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात बर्फाळ पावसानं विजेचे खांब कोसळले, लाखो घरं ऐन थंडीत अंधारात गेली, काही ठिकाणी महिनाभराहून अधिक काळ. त्या वेळी गरोदर असलेल्या स्त्रियांच्या मुलांचा सुझॅन किंग यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. दोन आणि साडेपाच वर्षांच्या वयात मुलांच्या भाषेत आणि आकलनात जो फरक दिसला, त्याचा संबंध आईला किती भीती वाटली याच्यापेक्षा तिच्यावर प्रत्यक्ष किती हाल ओढवले, म्हणजे किती दिवस वीज नव्हती, घर सोडावं लागलं का, याच्याशी जास्त होता. तिच्या मनाला उपदेश करण्याआधी तिच्या घराची वीज जोडा, असा याचा सरळ अर्थ. ज्या गर्भवतीची झोप उडालेली आहे, छातीत सतत धडधड आहे, रडू आवरत नाही, तिला उपचार मिळायला हवेत, समुपदेशन आणि गरज पडली तर डॉक्टरच्या सल्ल्यानं औषधंही. पण ते तिचा जीव सुखात पडावा म्हणून. बाळाचा फायदा त्यात आलाच.

१६७९च्या ऑक्टोबरात हॉब्जला लघवीचा त्रास सुरू झाला, लघवी थेंब थेंब आणि वेदनेसह होऊ लागली. ९१ वर्षांच्या पुरुषाला हे होतं तेव्हा आज आधी प्रोस्टेट तपासली जाते. तेव्हा तशी काही सोय नव्हती. घराण्याची मंडळी चॅट्सवर्थहून हार्डविकच्या वाड्यात जायला निघाली तेव्हा मागे राहायला तो तयार झाला नाही, गाडीत गादी घालून त्याला नेलं. काही दिवसांतच त्याची उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. ४ डिसेंबरला तो वारला. भेदरल्याची कसली चिन्हं शेवटच्या दिवसांच्या वर्णनात नाहीत.

हार्डविकजवळ ऑल्ट हक्नॉलच्या लहानशा चर्चमध्ये काळ्या दगडाखाली त्याला पुरलं आहे. दगडावर त्याचं नाव आहे, माम्सबरीचं नाव आहे आणि डेव्हनशरच्या ज्या दोन अर्लांची, बापाची आणि मुलाची, त्यानं अनेक वर्षं चाकरी केली त्यांचा उल्लेख आहे.